दूध किती अंशांना गोठतं?

'भेसळीच्या दुधामुळे 2025 पर्यंत 87 टक्के भारतीयांना कर्करोग होणार', हा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर खपवलेला इशारा तुमच्याही व्हॉट्सअॅपवर येऊन गेला असेल. संघटनेने असा इशारा कधी दिलाच नव्हता, असा खुलासा केंद्र सरकारला करावा लागला. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातल्या 1,103 शहरांतून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांत युरिया, डिटर्जंट वगैरे आरोग्याला घातक भेसळ सापडली फक्त 12 नमुन्यांत. बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र 368 नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होतं. त्याचे निरोप कुणी फिरवत नाही.

म्हणजे भेसळ नाही असं नव्हे. पण नेहमीची भेसळ जुनीच आहे: पाणी. आणि ते पकडणं वाटतं तितकं सोपं नाही. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवर चांगल्या दुधाची डिग्री साधारण 26 ते 32 असते. 30 डिग्रीच्या दुधात दहा टक्के पाणी गेलं तर डिग्री 27 च्या आसपास येते आणि दूध पास होतं. शिवाय साय काढली की डिग्री वाढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही केलं तर बिचारा लॅक्टोमीटर खूशच.

यावरचा मला सर्वांत आवडणारा उपाय म्हणजे गोठणबिंदू. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते याच तत्त्वावर: पाण्यात काही विरघळलं की ते शून्याच्या खाली गोठतं. किती खाली, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं. कण कशाचे आहेत याला महत्त्व नाही. दुधात विरघळलेले कण मुख्यतः लॅक्टोज (दुधातली साखर) आणि क्षारांचे. फॅटचे गोळे विरघळत नाहीत, केसिन या प्रथिनाचे पुंजके मोठे पण संख्येने नगण्य. त्यामुळे फॅट तीन टक्के असो वा सात, गोठणबिंदू जवळपास तोच, उणे 0.52 ते 0.55 अंश सेल्सिअस.

तो इतका स्थिर का? कासेत दूध तयार होतं तेव्हा त्याच्या एका बाजूला रक्त वाहत असतं आणि मधल्या पेशींमधून पाणी इकडून तिकडे जाऊ शकतं. त्यामुळे दुधाचा परासरण दाब (विरघळलेल्या कणांमुळे पाणी ओढून घेणारा दाब) रक्ताशी बरोबरीत राहतो, आणि रक्ताचा हा परासरण दाब तर शरीर जिवापाड सांभाळतं. गाईला दगडी (कासेचा दाह) झाली की लॅक्टोज घटतं, पण ती घट भरून काढेल इतकं मीठ रक्तातून दुधात उतरतं. दूध खारट लागतं, गोठणबिंदू मात्र फारसा हलत नाही. बाहेरून घातलेल्या पाण्याला असं भरून काढणारं कुणी नसतं. दहा टक्के पाणी घातलं की उणे 0.540 चं सुमारे उणे 0.486 होतं, आणि अंशाचा हजारावा भाग मोजणाऱ्या क्रायोस्कोपवर (गोठणबिंदू मोजायच्या यंत्रावर) ते लपत नाही.

भेसळवाल्यालाही हे ठाऊक असतं. कण कमी पडले? घाला कण! हिशेब केला तर त्या दहा टक्के पाण्यासाठी लिटरमागे जेमतेम ग्रॅमभर मीठ पुरतं. युरिया घातला तर पावणेदोन ग्रॅम लागेल. त्याने नायट्रोजन वाढून प्रथिनंही जास्त दिसतात, पण कायद्याची मर्यादा लिटरला 700 मिलिग्रॅमची, म्हणजे रासायनिक चाचणीत तो पकडला जातो. एकाच चाचणीवर भागत नाही ते यामुळेच. (उतरत्या काचेवर दुधाचा थेंब सोडून शुद्धता सांगणाऱ्या व्हिडिओंबद्दल काय बोलावं! दाट म्हशीच्या दुधात थोडं पाणी घातलं तरी तो थेंब ऐटीतच ओघळेल.)

संकलन केंद्रावरच्या यंत्राच्या पडद्यावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) यांच्यासोबत गोठणबिंदूही झळकतो. पण श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणारं हे यंत्र काही गोठवत नाही. इतर आकड्यांवरून तो काढतं. या यंत्रांत आणि वजनकाट्यांत गडबड केली जाते, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हावार समित्या नेमल्या, त्यांत पोलीस आणि अन्न प्रशासनासोबत वजनमापं तपासणारे वैधमापनवालेही घेतले, हे बरं झालं.

खरी गंमत पुढे आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून सील करतो. दूध नासू नये म्हणून नियमानेच दर 25 मिलिलीटरला फॉर्मालिनचे दोन थेंब घालायचे असतात. आता फॉर्मालिन म्हणजे पुन्हा विरघळलेले कण. कागदावरच्या हिशेबाने त्या दोन थेंबांनी गोठणबिंदू अंशाच्या दहाव्या भागाने खाली जातो, म्हणजे पंधरा-अठरा टक्के पाणी झाकण्याइतका. न घालावं तर दूध आंबतं, लॅक्टोजच्या एका रेणूचे लॅक्टिक आम्लाचे चार होतात आणि गोठणबिंदू तरीही घसरतो. त्यामुळे क्रायोस्कोपचा खरा उपयोग ताज्या, थंड दुधावर, म्हणजे डेअरीच्या दारात. कोर्टातला खटला मात्र बहुधा फॅट आणि एसएनएफच्या आकड्यांवरच लढवावा लागतो.