चेरीच्या कॅप्सूलने युरिक अ‍ॅसिड 'धुऊन' निघतं का?

'चेरीच्या कॅप्सूल घ्या, युरिक अ‍ॅसिड धुऊन निघेल' असं सांगणारे व्हिडिओ सध्या जोरात फिरताहेत. त्यातलं 'धुऊन निघेल' सपशेल चूक आहे. पण चेरीचा गाउटशी, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांमुळे होणाऱ्या सांध्यांच्या आजाराशी, काहीच संबंध नाही, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आपल्या पेशींत आणि अन्नात असणाऱ्या प्युरिन या द्रव्याचं विघटन होऊन शेवटी युरिक अ‍ॅसिड उरतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडणारं युरिकेज हे विकर असतं. आपल्या पूर्वजांच्या जनुकात बिघाड झाला आणि ते आपल्या वाट्याला आलंच नाही. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की युरेटचे (युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे) सुईसारखे स्फटिक बनू शकतात. पायाचा अंगठा बाकी शरीरापेक्षा थंड, म्हणून पहिला मान बहुधा त्याचा.

पण नुसत्या सुयांनी दुखत नाही. कित्येकांच्या सांध्यात हे स्फटिक वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. आग लावते ती आपलीच रोगप्रतिकारशक्ती. मॅक्रोफेज ही परकं ते गिळणारी संरक्षक पेशी स्फटिक गिळते, तो पचत नाही, उलट आतली लायसोसोम ही पाचक पिशवीच फाडतो. लगेच पेशीत एनएलआरपी3 इन्फ्लमसोम नावाची प्रथिनांची जुळणी होते. ती कॅस्पेज-1 या विकराला जागं करते. ते इंटरल्युकिन-1 बीटा या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाच्या निष्क्रिय रूपाला कात्री लावतं आणि सक्रिय झालेला तुकडा बाहेर पडतो. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या झुंडी सांध्यावर तुटून पडतात. इन्फ्लमसोमचा हा हात 2006 मध्ये उघड झाला. मध्यरात्री अंगठा लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तो यामुळे.

आंबट चेरीला रंग देणारी अँथोसायनिन द्रव्यं प्रयोगशाळेत दाह घडवणाऱ्या विकरांना आवर घालतात. 2012 च्या एका अमेरिकी अभ्यासात गाउटच्या 633 रुग्णांची पाहणी झाली. आधीच्या दोन दिवसांत चेरी खाल्ली असेल तर गाउटच्या झटक्याची शक्यता 35 टक्क्यांनी कमी दिसली. मात्र ही माहिती रुग्णांनीच भरलेली होती. न्यूझीलंडमध्ये 50 रुग्णांना 28 दिवस चेरीचा अर्क दिला, तेव्हा रक्तातलं युरेट जागचं हललं नाही. म्हणजे चेरीने काही साधत असलंच, तर ते दाहाच्या बाजूला. अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड कमी करणारं औषध बंद करून कॅप्सूलवर भिस्त ठेवणाऱ्याच्या सांध्यातले स्फटिक वाढतच राहतील. असल्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने 2005 सालीच चेरी विकणाऱ्या 29 कंपन्यांना तंबी दिली होती; दावे मात्र ठणठणीत आहेत.

चेरीने झोप चांगली लागते, हा दुसरा दावा मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाच्या नावावर खपतो. माँटमोरेन्सी या आंबट जातीच्या चेरीत ते ग्रॅमला सुमारे 13 नॅनोग्रॅम सापडलं आहे. म्हणजे 1 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीची बरोबरी करायला 75 किलोहून जास्त चेरी लागेल! चेरीच्या रसाने झोप थोडी सुधारल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय खरं, पण त्याचं श्रेय एकट्या मेलाटोनिनला देणं या हिशेबात बसत नाही.