ताठरता येत नाही म्हणजे ‘धातू गेला’ असं नव्हे

रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींनी एक समज पक्का करून ठेवलाय: तरुणपणी हस्तमैथुन केलं, धातू (म्हणजे वीर्य) गेला, म्हणून आता लिंगाला ताठरता येत नाही. यात तथ्य नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं. ते साठवून ताकद वाढत नाही.

ताठरता हा मुख्यतः रक्तपुरवठ्याचा मामला. लिंगाच्या रोहिण्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. चरबी साचू लागली की बारीक नळी आधी कुरकुरते. म्हणूनच डॉक्टर (आधी फॅमिली डॉक्टरही चालतात) मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, झोप यांची चौकशी करतात. मग हमखास प्रश्न: ‘पहाटे ताठरता येते का?’ नेहमीसारखी येत असेल, तर कारण बहुधा मानसिक असतं. शारीरिक तपासणी थोडक्यात आटोपते. पुढे रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल आणि गरज वाटल्यास टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक). त्याचं रक्त सकाळीच द्यायचं, दिवसभरात पातळी उतरते.

चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्तदाबाच्या काही औषधांनीही हा त्रास होतो. पण ती परस्पर बंद करू नका. आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, तर ते आधी सांगा. त्यासोबत सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी, ‘व्हायग्रा’तलं औषध) घेतलं, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. मेडिकलमधून गुपचूप गोळी आणणाऱ्याला हे कोण विचारणार? ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्यांतही सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलेलं आहे.