सरकणारं ऊन आणि न हलणारा तांब्या

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला जे बसले असतील त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर चादर, तिच्यावर पितळी तांब्या, दोन वांगी, एखादं केळं, मागे मुद्दाम चुरगळून टाकलेलं फडकं. उजेड वर्गाच्या खिडकीतून. रंगवता रंगवता मध्येच कधीतरी लक्षात यायचं, की कागदावरची सावली आणि चादरीवरची सावली आता जुळत नाही. वांगी जागच्या जागी होती. ऊन सरकलं होतं.

स्थिरचित्रांच्या फोटोग्राफीत दिवे का शिरले, याचं उत्तर त्या वर्गातच आहे. उजेड कमी पडायचा म्हणून दिवे आले, असं सरधोपट सांगितलं जातं. माणसांच्या फोटोपुरतं ते बरोबर आहे. सुरुवातीच्या काळात एका फोटोला बराच वेळ लागायचा, तेवढ्यात डोकं हलू नये म्हणून गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत. तांब्याला टेकू लागत नाही. त्याच्यापुढे लेन्सचं झाकण दहा मिनिटं काढून ठेवलं तरी त्याची तक्रार नसते. त्याला हवा होता तो एका जागी थांबणारा उजेड.

ऊन थांबत नाही याचा पुरावा फोटोग्राफीच्या जन्मापासूनचा आहे. निसेफोर निएप्सने १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या घराच्या खिडकीतून घेतलेलं दृश्य हा कॅमेऱ्याने टिपलेला, आज टिकून असलेला सगळ्यात जुना फोटो. त्यात समोरासमोरच्या दोन्ही इमारतींवर ऊन आहे. ज्यावर चित्र उमटायचं तो कॅमेऱ्यातला पत्रा एवढा वेळ उघडा होता, की सकाळचं आणि दुपारनंतरचं ऊन एकाच चित्रात बसलं. पुढे १८३७ मध्ये फ्रान्सच्याच दागेरने स्टुडिओच्या कोपऱ्यात मांडलेल्या प्लास्टरच्या मूर्ती टिपल्या. पांढऱ्याशुभ्र आणि जागच्या न हलणाऱ्या वस्तू त्याने निवडल्या, यात कलेइतकीच सोयही होती.

खरा धडा मात्र इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचा. त्याने फळ्यांवर चिनी मातीची भांडी मांडून त्यांचा फोटो काढला आणि वर लिहिलं, की ही भांडी चोराने पळवली तर हे चित्र कोर्टात साक्षीला आणता येईल. काचेची भांडी त्याने वेगळी टिपली. त्याचं कारणही तो देतो. पांढरी चिनी माती आणि काच एकत्र ठेवली, तर चिनी मातीचं चित्र पुरं होतं तेव्हा काचेचं जेमतेम सुरू झालेलं असतं. रंगीत भांडी काचेसोबत चालतील, पण शुद्ध निळी नकोत, कारण त्याच्या कागदावर निळा रंग जवळजवळ पांढऱ्याइतकाच लवकर उमटायचा. ही गोष्ट १८४० च्या दशकातली. आजही प्रॉडक्ट फोटोग्राफी शिकणारा काचेची बरणी आणि पांढरी बशी शेजारी ठेवून पहिल्याच दिवशी या अडचणीत सापडतो. बशीला समोरून किंवा बाजूने उजेड हवा, काचेला पाठीमागून. एकच ऊन दोघांना पुरत नाही. टॅल्बटच्या हातात दुसरा दिवा नव्हता, म्हणून त्याने दोन फोटो काढले.

दुसरा दिवा आला तो विजेचा, आणि तोही जमिनीखाली. पॅरिसचा फोटोग्राफर नादार १८६१ च्या सुमारास बन्सेनच्या बॅटऱ्या आणि आर्क दिवे (कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटवणारे) घेऊन तिथल्या भुयारांत आणि गटारांत उतरला. भुयारांत लाखो माणसांच्या कवट्या आणि हाडं रचून ठेवलेली आहेत. एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागायचा. तेवढा वेळ माणूस स्तब्ध उभा राहणार कसा, म्हणून कामगारांच्या जागी त्याने कपडे घातलेले पुतळे उभे केले. कवट्यांना अर्थातच काही सांगावं लागलं नाही. कृत्रिम उजेडात काढलेलं पहिलं मोठं काम म्हणून हे सांगितलं जातं; मला ते पहिलं मोठं स्थिरचित्रही वाटतं. गटारात तर एकदा अठरा मिनिटं संपत आली असताना पाण्यावरून वाफेचा ढग उठला आणि फोटो उमटवायची काच वाया गेली. हे सगळं नादारने स्वतःच लिहून ठेवलंय.

आर्क दिव्यात काढलेल्या पोर्ट्रेटबद्दल त्याने जे लिहिलं ते शिकणाऱ्याला जास्त उपयोगी आहे. पहिले चेहरे रखरखीत आले, सावल्या काळ्याठिक्कर. मग त्याने आड घासलेली काच धरून पाहिली, नंतर पांढऱ्या जाड कापडाचे पडदे उभे केले आणि शेवटी मोठे आरसे लावून सावलीच्या बाजूला उजेड परतवला. आजच्या भाषेत डिफ्यूजर आणि रिफ्लेक्टर. आपल्याकडच्या स्टुडिओत याच कामाला बटर पेपर आणि थर्माकोल असतो. (२०१८ च्या बंदीनंतर गणपतीच्या मखरातून थर्माकोल गेला, शूटिंगवाल्यांच्या कोपऱ्यातून काही गेला नाही.)

मधला पन्नास-साठ वर्षांचा काळ स्थिरचित्रापुरता भराभर ओलांडला तरी चालेल. १८६० च्या दशकात मॅग्नेशियमची तार जाळून उजेड करू लागले, १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत क्लोरेट मिसळून भपकन पेटणारी फ्लॅश पावडर केली. बातमीदारांना आणि लग्नाच्या फोटोंना ती देणगीच होती. पण टेबलावर मांडलेल्या फळांवर पांढरा धूर आणि राख कोणाला हवी? १९२९-३० मध्ये आलेल्या फ्लॅशबल्बने धूर घालवला. पण एका फोटोला एक बल्ब, आणि पेटवून झाल्याशिवाय सावली कुठे पडली ते कळायचं नाही.

स्थिरचित्रवाल्यांना सतत जळणारा दिवा मानवला. आणि तो जाहिरातीच्या पैशाने आला. १९२२ मध्ये पॉल आउटरब्रिजने बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर शर्टाची एक कॉलर ठेवून तिचा फोटो काढला, तेवढीच जाहिरात. १९२६ च्या सुमारास एडवर्ड स्टायकनने स्टेली या रेशमी कापडाच्या कंपनीसाठी साखरेचे चौकोनी खडे आणि काडेपेट्या मांडून, त्यांच्यावर तिरका उजेड टाकून, पडलेल्या सावल्यांचीच नक्षी केली. ती कापडावर छापली गेली. सावलीची लांबी ठरवता येणं, ती पुन्हा तशीच मिळवता येणं, हे उन्हाच्या भरवशावर कठीण होतं. गिऱ्हाईक मंगळवारी ‘थोडं डावीकडे घ्या’ म्हणणार आणि तोवर सोमवारची सावली गेलेली असणार.

याच काळात अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन मात्र दिव्याच्या वाट्याला गेला नाही. त्याची १९३० मधली प्रसिद्ध ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली आहे. नरसाळ्याच्या आतल्या भिंतीने साधा उजेड परतवून मिरचीच्या कडा उजळल्या. दिवे विकत घेण्याआधी प्रत्येकाने हा फोटो दहा मिनिटं नीट पाहावा, असं माझं मत आहे.

रंगीत फिल्मने नवीच शिस्त लावली. १९३५-३६ मध्ये कोडाक्रोम आली. तिचा एक प्रकार उन्हासाठी, एक बल्बसाठी. काळ्यापांढऱ्या फोटोत खिडकी आणि बल्ब एकत्र वापरले तरी खपून जायचं. आता एका बाजूने सफरचंद निळसर, दुसऱ्या बाजूने नारिंगी दिसू लागलं. एकतर खिडकी बंद करा नाहीतर बल्ब. बहुतेकांनी खिडकी बंद केली. त्यात बल्बची धग अशी, की आइसक्रीमच्या जागी उकडलेल्या बटाट्याच्या लगद्याचे गोळे ठेवण्याची पद्धत पडली.

धगीवर इलाज इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने केला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात तो विकसित केला ते वेगाने हलणाऱ्या गोष्टी फोटोत थांबवण्यासाठी: बंदुकीची गोळी, दुधाचा थेंब. ज्याला मुळात थांबवायची गरज नाही अशा स्थिरचित्राने तो वेगळ्याच कामाला लावला. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ मध्ये ब्रॉनकलर, स्वीडनमध्ये १९६८ मध्ये प्रोफोटो अशा कंपन्या निघाल्या. घड्याळ किंवा अत्तराची बाटली पुढून मागपर्यंत स्पष्ट यावी म्हणून लेन्सचं छिद्र एफ/४५ पर्यंत बारीक करावं लागे (आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक). फ्लॅशची ताकद एफ/२२ पुरतीच असली तर? स्टुडिओ पूर्ण अंधारा करायचा, शटर उघडं ठेवायचं आणि फ्लॅश चार वेळा उडवायचा. अजून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, हवा तर आठ वेळा. मध्ये कोणी टेबलाला धक्का दिला की पहिल्यापासून. उजेड कुठे पडतोय ते दिसावं म्हणून फ्लॅशच्या पोटात लहानसा मॉडेलिंग दिवा असायचा, आणि खात्रीसाठी आधी एक पोलरॉइड, म्हणजे लगेच तयार होणारा फोटो, काढायची.

उजेडाची मात्रा अशी हातात आली, तेव्हा लोक त्याच्या आकाराकडे वळले. ब्रिटिश स्टुडिओत मोठ्या पेटीसारख्या सौम्य दिव्याला ‘फिश फ्रायर’ आणि त्याहून अवाढव्य पेटीला ‘स्विमिंग पूल’ म्हणत. आजचा सॉफ्टबॉक्स याच घराण्यातला. इतका मोठा दिवा कशाला, ते घरी पाच मिनिटांत कळतं. घासलेला पितळी तांब्या टेबलावर ठेवून पाहा: त्याच्या पोटावर ट्यूबलाइटची बारीक पांढरी रेघ, खिडकीचे गज आणि मोबाइल धरलेले आपण, सगळे वाकडेतिकडे दिसतो. चकचकीत धातूवर उजेड पडलेला दिसत नाही, दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. आता टेबललॅम्पपुढे हातभर लांबरुंद बटर पेपर ताणून तो तांब्याच्या अगदी जवळ आणा. रेघेच्या जागी रुंद, कडेला विरत जाणारा पट्टा येतो आणि तांब्या गोल दिसू लागतो. तोच कागद आणि लॅम्प तीन मीटर मागे न्या. पुन्हा लहानसा ठिपका. मोठेपण दिव्याचं नसतं, तांब्याला तो केवढा दिसतो त्याचं असतं.

आता एलईडीचं पॅनेल तापत नाही, पडद्यावर निकाल लगेच दिसतो, पोलरॉइडची गरज उरलेली नाही. एक जुनी सवय मात्र राहिली. सतराव्या शतकात हार्लेमच्या पीटर क्लासने रंगवलेल्या वाइनच्या पेल्यांवर डावीकडच्या खिडकीचं प्रतिबिंब असतं, तावदानांच्या चौकटीसकट. बाटलीचा फोटो काढणारे आज खिडकीला काळा पडदा लावतात, डावीकडे सॉफ्टबॉक्स उभा करतात आणि त्याच्या पांढऱ्या कापडावर काळ्या चिकटपट्टीची एक उभी, एक आडवी पट्टी मारतात.