रिपोर्ट स्वच्छ, तरी दुखतं: 'समग्र' फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

गोव्यात म्हापशापासून मडगावपर्यंत फिजिओथेरपीच्या पाट्यांवर आता 'होलिस्टिक', म्हणजे 'समग्र', हा शब्द दिसू लागला आहे. आत जाणारे दोन तऱ्हेचे. एक, ज्यांचं दुखणं वर्षानुवर्षं जात नाही आणि एमआरआय मात्र स्वच्छ. दुसरे धावणारे, सायकल मारणारे, फुटबॉल खेळणारे; कितीही सराव केला तरी यांची वेळ आहे तिथेच अडून बसलेली. २०१९ मध्ये मिरामारला पहिली 'आयर्नमॅन ७०.३' झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं, असा तो प्रकार. त्यानंतर दुसऱ्या तऱ्हेचे लोक माझ्या ओळखीतच डझनभर झाले.

दोघांनाही आश्वासन एकच मिळतं: 'आम्ही दुखण्याचं मूळ शोधतो.' या 'मूळ' शब्दातच सगळी गोम आहे.

आपल्याकडे वैद्यकाची सरमिसळ जुनी. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन लिहितो, की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशपसुद्धा आपल्या देशबांधवांपेक्षा इथल्या हिंदू वैद्यांवर जास्त भरवसा ठेवत. पुढे १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाली. खेड्यापाड्यांतली वाटणी मात्र सरळ होती. ताप आला की डॉक्टर, हाड मोडलं की हाडवैद. या दोहोंत न बसणारं, नुसतंच ठसठसणारं दुखणं तेल आणि निरगुडीच्या पाल्याचा शेक यांच्या वाट्याला. ते बरं झालं नाही तर 'वय झालं' म्हणायचं, की संपलं.

युरोप-अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १८९५ हे साल त्यासाठी बघण्यासारखं आहे. त्या वर्षी जर्मनीत रोंटगेनला क्ष-किरण सापडले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामरने कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके जागेवर बसवायची उपचारपद्धती, सुरू केली. त्याच्या मते बहुतेक आजारांचं मूळ मणक्यांच्या सरकण्यात होतं. क्ष-किरण वापरणारे डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टिकवाले एकमेकांना पाण्यात पाहत आले, पण मला ते सख्खे भाऊ वाटतात. दुखतंय म्हणजे कुठेतरी एक खोट आहे, ती शोधायची आणि दुरुस्त करायची, ही दोघांचीही समजूत. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या बोस्टनच्या दोन शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली चकती फुटून मज्जातंतूवर दाब येतो हे दाखवलं. ते खरंच होतं. पण तिथून 'स्लिप डिस्क' घराघरांत शिरली आणि प्रत्येक पाठदुखीला तीच लागू होऊ लागली.

या समजुतीला तडा देणारा एक अभ्यास १९९४ चा आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या ठीकठाक निघाल्या. म्हणजे खोट आहे पण दुखत नाही, असे लोक भरपूर. मग खोट नाही पण दुखतं, असेही असणारच.

तसा एक मला माहीत आहे. फोंड्याकडचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, पन्नाशीचा. उजवा खांदा तीन वर्षं दुखत होता. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची गुंडाळी घेऊन तो फिजिओथेरपिस्टसमोर बसला आणि म्हणाला, "रिपोर्टांत कांयच ना बाय, पूण दुखता तें दुखताच." तिने पिशवी बाजूला ठेवली आणि माडावर कसा चढतोस ते दाखव म्हणाली. खोलीत माड कुठला! दाराच्या चौकटीला धरून त्याने पाय रोवून दाखवला, तेव्हा दिसलं की डावा घोटा वाकतच नव्हता. जुना मुरगळलेला, कधी दाखवलेला नाही. वर जाताना सगळी ओढ उजव्या हातावर. मग तिने झोपेचं विचारलं, दिवसाला किती माड ते विचारलं, घरचं विचारलं. बायको गेल्यापासून झोप तीन तासांची होती.

आता इथे 'घोट्यामुळे खांदा दुखत होता' असं लिहिलं तर गोष्ट छान जमते, आणि पाट्या लावणारे बरेचजण तीच सांगतात. त्या बाईंनी ती सांगितली नाही. घोट्याचा व्यायाम दिला, महिनाभर माड निम्मे करायला लावले, झोपेसाठी डॉक्टरकडे पाठवलं. चार महिन्यांनी दुखणं बरंच उतरलं. नेमकं कशाने, हे तीही सांगत नाही.

असा विचार करायला जागा कुठून आली? पहिलं नाव जॉन बोनिकाचं. हा भूलतज्ज्ञ, पण शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून मुखवटा घालून कुस्त्या खेळलेला पैलवान. त्या कुस्त्यांचं दुखणं त्याला जन्मभर पुरलं. एकेका तज्ज्ञाने सुटं सुटं बघून असं दुखणं सुटत नाही, सगळ्यांनी एकत्र बसायला हवं, असं त्याचं म्हणणं. १९५३ मध्ये त्याने वेदनाव्यवस्थापनावरचा जाडजूड ग्रंथ लिहिला. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि ते उघडायचं किती, यात मेंदूचाही हात असतो. १९७७ मध्ये जॉर्ज एंगल या अमेरिकन डॉक्टरने शरीर, मन आणि भोवतालचा समाज यांना एकत्र धरणारी मांडणी दिली. 'होलिस्टिक' शब्दाला वजन असेल तर ते या तिघाचौघांमुळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा दुखण्याला स्वतःचं नाव मिळायला मात्र २०२२ उजाडलं. तीन महिन्यांहून जास्त टिकणारी आणि दुसऱ्या आजाराने नीट उलगडत नाही अशी वेदना आता स्वतःच एक आजार धरली जाते.

हाताने काम करणाऱ्यांची परंपरा याच्या बाजूबाजूने चालत होती. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टकडे पाय दुखणारा एक रुग्ण डोक्याकडून चढवलेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. मॅकेन्झी आत येऊन बघतो तर त्याची पाठ उलटी वाकलेली, आणि पाय बरा वाटतोय! त्यातून एक अख्खी पद्धत उभी राहिली. आपल्याकडे व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांना भेटले. थकलेलं, आखडलेलं शरीर वादनाच्या आड येत होतं. आसनांनी ते मोकळं झाल्यावर त्यांनी अय्यंगारांना घड्याळ भेट दिलं आणि त्यावर आपला सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक म्हणून त्यांचं नाव कोरलं. अडकलेल्या खेळाडूची गोष्ट हीच, फक्त हातात व्हायोलिन.

खेळाच्या बाजूचं मूळ ताणाचा अभ्यासक हान्स सेल्ये याच्या १९३६ च्या टिपणात आहे. ताण आला की शरीर आधी हादरतं, मग जुळवून घेतं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी खचतं. साठच्या दशकात सोव्हिएत रशियाच्या मात्वेयेव या क्रीडाशास्त्रज्ञाने त्याच्याशी जुळणारे वर्षभराच्या सरावाचे चढउतार आखले. माझी स्वतःची अर्धमॅरेथॉन दोन तास नऊ मिनिटांवर दोन वर्षं अडली होती. पायाची कमान, जबडा, श्वास, सगळं तपासून देणारे भेटले. पैसे सगळ्यांनी घेतले. शेवटी एकाने डायरी मागितली आणि आठवड्यातले सहाही दिवस मी एकाच वेगाने धावतो, हे बोट ठेवून दाखवलं.