सॉफ्टवेअर सुविधांचे सुस्पष्ट शब्दांकन

सॉफ्टवेअरमधील एखादी सुविधा काय करते, ती वापरल्यावर आपल्या माहितीचे काय होते आणि केलेली कृती मागे घेता येते की नाही, हे वापरकर्त्याला एका वाचनात कळावे अशा बेताने मजकूर लिहिण्याला सुविधांचे सुस्पष्ट शब्दांकन म्हणतात. बटणांवरील शब्द, त्रुटिसंदेश, मदतलेख, नव्या आवृत्तीतील बदलांची टिपणे हे सारे त्यात येते.

सुविधा घडवणारा तिला आतल्या रचनेवरून नाव देतो आणि वापरणारा परिणाम शोधत असतो. बहुतेक संदिग्धता येथूनच उपजते. 'सिंक' (सर्व उपकरणांवरील माहिती एकसारखी ठेवणे) आणि 'बॅकअप' (माहितीची वेगळी प्रत राखणे) या शब्दांची गल्लत त्यामुळेच महागात पडते. सिंक चालू असताना एका उपकरणावर खोडलेले छायाचित्र इतर उपकरणांवरूनही जाते, बॅकअपमध्ये मात्र आधीची प्रत सामान्यतः राखलेली असते. म्हणून 'छायाचित्रे सिंक होतील' एवढ्यावर न थांबता 'येथे खोडलेले छायाचित्र तुमच्या सर्व उपकरणांवरून खोडले जाईल' असे लिहावे लागते. वाक्य लांबले तरी चालेल, कारण गेलेले छायाचित्र परत मिळेलच असे नाही. 'मागणी रद्द करायची का?' या प्रश्नाखाली 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' अशी बटणे असली, तर दुसरे बटण मागणी रद्द करते की प्रश्न, हे कळत नाही. 'मागणी रद्द करा' आणि 'मागणी राहू द्या' या शब्दांनी तो घोळ मिटतो.

नावातून अवाजवी भरवसा निर्माण होणे हा आणखी गंभीर दोष होय. गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील इनकॉग्निटो ही सुविधा पाहिलेल्या पानांची नोंद उपकरणावर ठेवत नाही. ती वापरतानाही गूगल माहिती गोळा करते, असा आरोप करणारा दावा २०२० मध्ये अमेरिकेत दाखल झाला. पुढे २०२४ मध्ये गूगलने तिचे वर्णन बदलले आणि संकेतस्थळे व गूगल स्वतः माहिती गोळा करतात त्यात या सुविधेने फरक पडत नाही, असे त्यात नमूद केले.

मराठीत लिंगवचनाची अडचण वेगळी उभी राहते. फाइल हटवली जाते, संदेश हटवला जातो, चित्र हटवले जाते. त्यामुळे रिकाम्या जागी नाम बसवून वाक्य जुळवण्याची प्रोग्रामरांची सोयीची रीत येथे फसते आणि प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे लिहिणेच बरे.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांच्या १९९४ मधील वापरसुलभ रचनेच्या १० तत्त्वांत वापरकर्त्याच्या परिचयाची भाषा वापरण्याचे तत्त्व आहे. सुबोध भाषेसाठी आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात मजकूर तपासताना वापरकर्त्याला बटण दाबण्यापूर्वीच 'आता काय होईल?' असे विचारतात आणि त्याच्या उत्तरात आलेले शब्द पुष्कळदा तसेच्या तसे उचलले जातात.