इलेक्ट्रॉनिक युद्धविमानांचे आधुनिकीकरण

शत्रूचे रडार निकामी करणे, त्याची संदेशयंत्रणा विस्कळीत करणे आणि त्याच्या रेडिओ तरंगांचा माग काढणे, या कामांसाठी खास सज्ज केलेल्या लष्करी विमानांची उपकरणे, संगणकप्रणाली आणि वेळ पडल्यास मूळ विमानही बदलून ती नव्या धोक्यांपुढे टिकतील अशी ठेवण्याची प्रक्रिया. विमानाचा सांगाडा तीस-चाळीस वर्षे चालतो. त्यातला जॅमर, म्हणजे गोंगाटाचे किंवा फसवे तरंग सोडून शत्रूचे रडार वा रेडिओ निकामी करणारे उपकरण, मात्र समोरच्या रडारची नवी आवृत्ती आली की जुना होतो. म्हणून हे काम एकदा करून मोकळे होता येत नाही. विमान सेवेत असेपर्यंत ते चालूच राहते.

या युद्धप्रकाराने दुसऱ्या महायुद्धात आकार घेतला. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवरील हल्ल्यात ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी धातूचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्या हवेत सोडून जर्मन रडार गोंधळवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश हवाई दलाने खास या कामासाठी १०० क्रमांकाचा गट उभारला. पुढे २४ जुलै १९६५ रोजी उत्तर व्हिएतनाममध्ये जमिनीवरून डागलेल्या क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एक एफ-४ विमान पाडले आणि रडार दाबून टाकणाऱ्या विमानांची निकड एकदम वाढली.

जॅमिंगमागचे गणित समजले की आधुनिकीकरणाची धडपड का चालते तेही उलगडते. रडारचा तरंग लक्ष्यापर्यंत जाऊन परत येतो, त्यामुळे प्रतिध्वनीची शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटते. जॅमरचा तरंग एकाच दिशेने जातो. त्याची शक्ती अंतराच्या वर्गाने घटते. अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळा पटींनी क्षीण होतो, जॅमरचा तरंग चारच पटींनी. लांबवर जॅमर वरचढ ठरतो तो यामुळेच. विमान जवळ येत गेले की मात्र एका टप्प्यावर प्रतिध्वनी गोंगाटातून वर येतो आणि विमान दिसू लागते. हा टप्पा शक्य तितका रडारच्या जवळ ढकलणे, हेच जॅमर बनवणाऱ्यांचे खरे काम.

नव्या रडारांनी हे काम फार अवघड केले आहे. ती दर स्पंदाला, म्हणजे तरंगाच्या प्रत्येक छोट्या झटक्याला, कंप्रता (फ्रीक्वेन्सी) बदलू शकतात. अशा रडारवर जुन्या पद्धतीने गोंगाट फेकायचा तर तो रुंद पट्ट्यावर पसरावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणी विरळ पडतो. यावर दोन उपाय पुढे आले. एक, आलेले स्पंद अंकीय स्मृतीत साठवून, त्यात हवा तो फेरफार करून परत पाठवणे. मग रडारला विमान भलत्याच अंतरावर किंवा भलत्याच वेगाने जाताना दिसते. दुसरा, गॅलियम नायट्राइडच्या अर्धसंवाहकांवर चालणारे, अनेक लहान घटकांचे अँटेना. त्यांचा झोत यांत्रिक हालचालीविना क्षणात वळतो आणि शक्ती नेमकी हवी तिथेच पडते.

एकाच विमानाची पुन्हापुन्हा सुधारणा कशी होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकी नौदलाचे ईए-६बी प्राउलर. ते १९७१ मध्ये सेवेत आले. एक वैमानिक आणि तीन इलेक्ट्रॉनिक युद्ध अधिकारी असा त्याचा चमू असे. तरंग टिपणारी ग्राहक यंत्रणा, संगणक आणि जॅमर टप्प्याटप्प्याने बदलत ते नौदलात २०१५ पर्यंत आणि मरीन कोअरमध्ये २०१९ पर्यंत उडत राहिले. अमेरिकी हवाई दलाने मात्र आपले ईएफ-१११ए रेव्हन १९९८ मध्ये निवृत्त केले. पुढच्याच वर्षी कोसोव्होच्या युद्धात नाटोची हवाई मोहीम सुरू झाली आणि रडार जॅमिंगचा जवळजवळ सगळा भार मोजक्या प्राउलरांवर आला. पर्याय हाती येण्याआधी जुने विमान सोडण्याची ही किंमत होती.

प्राउलरची जागा घेणाऱ्या ईए-१८जी ग्राउलरमध्ये दोघेच बसतात. पूर्वी तिघा अधिकाऱ्यांत वाटलेले काम आता एक अधिकारी आणि संगणक मिळून करतात. जॅमिंग चालू असताना स्वतःचाच रेडिओ बंद पडू नये यासाठी त्यात हस्तक्षेप रद्द करणारी वेगळी यंत्रणा आहे. विमान नवे, पण पंखांखाली लटकणारे एएलक्यू-९९ पॉड, म्हणजे जॅमर बसवलेली लांबट पेटी, प्राउलरच्याच काळातले. अशा पॉडच्या नाकाशी एक छोटा पंखा असतो. समोरच्या वाऱ्याने तो फिरतो आणि जॅमरला वीज पुरवतो, विमानाच्या वीजयंत्रणेवर भार येत नाही. मध्यम कंप्रतेसाठी या पॉडची जागा घेणारा एएलक्यू-२४९ हा २०२४ मध्ये पहिल्यांदा विमानवाहू जहाजावरून मोहिमेवर गेला. ऑस्ट्रेलिया या प्रकल्पात भागीदार आहे.

संदेशयंत्रणा विस्कळीत करणाऱ्या ईसी-१३०एच कंपास कॉलबाबत नेमका उलटा मार्ग निवडला गेला. तेथे बरीचशी उपकरणे तीच ठेवून, चार पंख्यांच्या मालवाहू विमानाऐवजी गल्फस्ट्रीम जी-५५० या जेट विमानावर चढवली गेली. नव्या विमानाचे नाव ईए-३७बी. फायदा वेगाचा आहेच, त्याहून मोठा उंचीचा. २५,००० फुटांवरून रेडिओ क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या वक्रतेमुळे तरंग सरळ जेथवर पोहोचतात ती मर्यादा, सुमारे ३६० किलोमीटरवर असते, ४०,००० फुटांवरून सुमारे ४५५ किलोमीटरवर. तोच प्रक्षेपक अधिक सुरक्षित अंतरावरून वापरता येतो.

जर्मनी टॉर्नेडो ईसीआर या रडारविरोधी विमानांच्या जागी युरोफायटर या लढाऊ विमानाची ईके ही आवृत्ती आणत आहे. चीनने जे-१६डी हे याच प्रकारचे विमान २०२१ मध्ये झुहाई येथील प्रदर्शनात मांडले.

या सगळ्यात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे धोक्यांची माहितीसूची. कोणते रडार कोणत्या कंप्रतेवर, किती रुंदीचे स्पंद, किती वेळाने सोडते, याची ही नोंद विमानाच्या संगणकात असते. ती अद्ययावत नसेल तर महागातला महाग जॅमरही समोरच्याला ओळखत नाही. टेहळणी विमाने टिपलेले तरंग विश्लेषकांकडे पोहोचवतात, तिथे सूची सुधारली जाते आणि मग ती विमानात भरली जाते. हे चक्र जितके लहान, तितके दल सक्षम. अनोळखी तरंग विमानातच ओळखून त्यावर तोड काढणाऱ्या स्वयंशिक्षित प्रणालींवर आता भर आहे.

चाचणीचीही एक खास अडचण असते. युद्धात वापरायचे तरंग उघड्यावर सोडले तर ते कोणीही टिपून ठेवू शकतो. म्हणून अमेरिकेत एडवर्ड्स हवाई तळावरील बेनेफिल्ड केंद्रासारखे प्रतिध्वनिरहित कक्ष वापरले जातात. भिंती आणि छत तरंग शोषणाऱ्या टोकदार फेसाच्या ठोकळ्यांनी मढवलेले असतात, लढाऊ विमान छताला टांगता येते, आणि आत सोडलेला तरंग बाहेर जात नाही.