दगडी पाल्याचा रस आणि जखमेची ताकद

खुरपणीत बोटाला खुरपं लागलं, तर आमच्या बालाघाटाच्या बाजूला त्यासाठी कुणी काम सोडून घरी जात नसे. बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चुरायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. "दाबून धर, थांबतंय रगत," असं म्हणून आजी पुन्हा पातीला लागायची. रगत खरंच थांबायचं. पण रक्त नुसतं दाबूनही थांबतं. मग त्यात पाल्याचं काम किती? औषधशास्त्राचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

दगडी पाला म्हणजेच एकदांडी. कुठे त्याला कंबरमोडीही म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. कातरलेली खरखरीत पानं आणि लांब दांड्यावर एकच पिवळं-पांढरं फूल. हे तण मूळचं आपलं नाही. त्याचं घर उष्ण कटिबंधातली अमेरिका. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३मध्ये त्याला हे नाव दिलं. म्हणजे चरक-सुश्रुतांना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. परक्या तणाचा गुण इथे शेतात राबणाऱ्या माणसांनी स्वतः पारखला, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. प्रत्येक पाल्याला 'हजारो वर्षांची परंपरा' चिकटवताना हे अलीकडचे, निनावी शोधक आपण विसरतो.

प्रयोगाच्या आधी वनस्पतीची ओळख पक्की करावी लागते. गावोगावची नावं बदलतात, आणि काही ठिकाणी हाच पाला भृंगराज, म्हणजे माका, म्हणूनही दिला जातो. म्हणून फुलासकट फांदी दाबून, वाळवून वनस्पतीसंग्रहात ठेवतात. असा संग्रह छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे. तिथलेच प्रा. व्ही. एन. नाईक यांनी १९९८मध्ये मराठवाड्याच्या वनस्पतींची दोन खंडांत नोंद केली. ओळख चुकली, तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

मग येतात पांढरे उंदीर. भूल देऊन पाठीवरची गोल कातडी काढतात आणि दर काही दिवसांनी जखमेची कड पारदर्शक कागदावर गिरवून, आलेखाच्या कागदावर तिचं क्षेत्रफळ मोजतात. दुसऱ्या प्रयोगात सरळ चीर देऊन टाके घालतात. दहाव्या दिवशी तिथे हळूहळू ताण देतात; एका पद्धतीत त्यासाठी टांगलेल्या बाटलीत पाणी सोडत जातात. जखम उलते त्या क्षणी पाण्याचं वजन किती, ती तिची ताकद. तिसऱ्या प्रयोगात कातडीखाली वाढलेलं नवं मांस काढून त्यातलं हायड्रॉक्सीप्रोलीन मोजतात. हे अमिनो आम्ल मुख्यतः कोलॅजेनमध्ये, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनात, असतं, त्यामुळे त्यावरून कोलॅजेन किती तयार झालं ते कळतं.

१९८०च्या दशकापासून भारतीय प्रयोगशाळांनी दगडी पाला असा तपासला. त्यातला एक निकाल मला सर्वांत बोलका वाटतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जखम भरणं मंदावतं. ते दिलेल्या उंदरांत पाल्याने टाक्यांच्या जखमेची ताकद सावरली, वर नवी कातडी धरणंही सावरलं. पण जखम आक्रसणं आणि नव्या मांसाची वाढ मात्र सावरली नाही. म्हणजे 'जखम भरते' हे एकच काम नाही. ती वेगवेगळी कामं आहेत आणि पाला त्यांतल्या काहींनाच हात लावतो.

ताकदीचा एक धागा लायसिल ऑक्सिडेज या विकराकडे (एन्झाइमकडे) जातो. पाल्याच्या अर्काने त्याचं काम वाढलेलं दिसलं. अंबाडीचा वाख नुसता सोलून ठेवला तर त्याचं चऱ्हाट होत नाही, त्याला पीळ द्यावा लागतो. कोलॅजेनचे धागेही सुटे असले तर तुटतात. हा विकर त्यांना एकमेकांशी सांधतो. एवढं होऊनही भरलेली जखम मूळ कातडीच्या जास्तीत जास्त ८० टक्के ताकदीपर्यंतच पोचते.

उंदरावरचा निकाल मात्र जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही. उंदराची कातडी सैल, खाली स्नायूचा पातळ थर. त्याची जखम मुख्यतः आक्रसून मिटते. आपली कातडी खालच्या थरांना धरून असते, म्हणून आपल्याकडे नवं मांस भरणं आणि वर कातडी चढणं जास्त महत्त्वाचं. त्यामुळे 'इतक्या दिवसांत जखम मिटली' यापेक्षा ताकदीचे आकडे मला अधिक मोलाचे वाटतात. माणसांसाठी औषध म्हणायचं, तर माणसांवर काटेकोर चाचण्या लागतात आणि प्रत्येक वेळी सारख्याच गुणाचा अर्क लागतो. जमीन, ऋतू, पानांचं वय आणि अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यांवर त्यातली द्रव्यं बदलतात.

आणि बांधावरच्या पानाला माती लागलेली असते. शेणामातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. ऊसतोडीत कोयत्याचा घाव खोल जातो, आत हवा पोचत नाही, आणि या जंतूला नेमकी तशीच जागा लागते. अशा घावावर पाला पिळू नये. तो स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावा, धुतलेल्या फडक्याने दाबून धरावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं, फड कितीही लांब असला तरी.